आमच्या फियाटचं इटालियन गोत्र

चांगी बिझनेस पार्कमध्ये दुपारी साडेबारा वाजता जेवायला जो लोंढा बाहेर पडतो, तो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. नव्हे, कित्येकजण त्या लोंढ्यातच असतील! गळ्यात ऑफिसचा पट्टा, काखेत छत्री आणि कानावर हिंदी, तेलुगू, तमिळ आणि आपली मराठी. काही लोक थट्टेने या भागाला ‘चांगलोर’ म्हणतात. त्यावर रागवायचं की हसायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. आमच्या टेबलावरच्या पुणेकरांचं म्हणणं एवढंच, की नाव ठेवायचंच होतं तर ‘चांगपुणे’ ठेवायला काय हरकत होती!

तर अशाच एका दुपारी, एक्स्पो स्टेशनच्या बाजूला रस्त्याकडेला एक लाल गाडी उभी दिसली आणि तिच्याभोवती घोळका. बुटकी, गोल दिव्यांची, जुन्या सिनेमातून थेट उतरून आल्यासारखी. १९६७ सालची अल्फा रोमिओ जी. टी. व्हेलोचे. मालक सत्तरीचे चिनी अंकल, अंगात बनियन आणि हातात फडकं. एक्स्पोच्या हॉलमधलं कसलंसं प्रदर्शन पाहायला आले होते. सिंगापूरमध्ये पस्तीस वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी वेगळी योजना आहे. कर कमी, पण गाडी रस्त्यावर आणायची ती वर्षातले मोजके दिवस. त्या मोजक्या दिवसांतला एक आज खर्च करून अंकल इथवर आले होते.

कुणीतरी विचारलं म्हणून त्यांनी बॉनेट उघडलं. मग डिकीतून एक जाडजूड फाइल काढली. गाडीचा जन्मदाखलाच म्हणा ना! अल्फाच्या जुन्या नोंदी मिलानजवळ आरेझे इथे जपून ठेवलेल्या आहेत. चासी नंबर कळवला की गाडी कोणत्या तारखेला तयार झाली, रंग कोणता होता, कोणत्या देशात विकली गेली याचा दाखला मिळतो. अंकलनी तो मिळवला होताच, शिवाय आधीच्या चार मालकांचा माग काढून त्यांची पत्रं आणि फोटोही लावून ठेवले होते. लहानपणी त्यांनी थॉमसन रोडवरची ग्रां प्री पाहिली होती. १९६१ ते १९७३ ही शर्यत तिथल्या सार्वजनिक रस्त्यावर होत असे. १९७० साली न्यूझीलंडच्या ग्रॅम लॉरेन्सने ती फेरारीतून जिंकली, तेव्हा म्हणे हे झाडावर बसले होते! इटालियन गाडीचं वेड तिथेच लागलं.

“आणि तू काय चालवतोस?” त्यांनी मला विचारलं.

“मी एमआरटी चालवतो,” मी म्हणालो. सगळे हसले. पण काय वाटलं कोण जाणे, पुढे बोलून गेलो, “पण पुण्याला माझ्या वडिलांची एक इटालियन गाडी आहे. १९६६ची फियाट.”

आमच्यातले दोघे खो खो हसले. “अरे, ती टॅक्सी!” पण अंकल हसले नाहीत. फडक्याला हात पुसत त्यांनी गंभीरपणे विचारलं, “चासी नंबर माहीत आहे?”

मला माहीत नव्हता. पंचेचाळीस वर्षं जी गाडी आमच्या दारात उभी, तिचा चासी नंबर मला ठाऊक नव्हता. गोष्ट २०२२ची. आणि खरं सांगायचं तर त्याच आठवड्यात मी त्या गाडीचा निकाल लावायला निघालो होतो.

झालं होतं असं. पुण्याची आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली. चार मजल्यांच्या जागी बारा मजले, आणि प्रत्येक फ्लॅटला एकच पार्किंग. त्या एका जागेवर भावाची रोजची गाडी लागणार. म्हणजे आण्णांची फियाट कुठे? गेली नऊ वर्षं ती ताडपत्रीखाली झोपलेली. टायर बसलेले, डिकीत मांजरीची बाळंतपणं झालेली. भंगारवाल्याने पस्तीस हजार सांगितले. भाऊ म्हणाला, “घेऊन टाकू.” मी इथून फोनवर म्हणालो, “घेऊन टाक.” आण्णा काहीच म्हणाले नाहीत. आमच्याकडे आण्णा काही म्हणाले नाहीत की ती संमती धरायची पद्धत आहे. ती पद्धत चुकीची आहे हे कळायला मला पन्नाशी उलटावी लागली.

त्या रात्री आण्णांना फोन करून चासी नंबर विचारला. म्हटलं कागद शोधावे लागतील. पण चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाने तो पाढे म्हटल्यासारखा तोंडपाठ सांगितला! फोन ठेवला आणि भावाला सांगितलं, भंगारवाल्याला थोडं थांबव.

मग वाचायला बसलो. मंडळी, ज्या गाडीला आपण ‘टॅक्सी’ म्हणून नाक मुरडतो तिचं गोत्र केवढं मोठं आहे, ते मला तेव्हा कळलं.

आपल्या फियाटचं इंजिन १०८९ सी. सी.चं. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. ही मापं लक्षात ठेवा. १९३७ साली फियाटने तुरिनला ५०८ सी नावाची गाडी काढली, तिच्या इंजिनाची मापं हीच. साधं, दणकट, कमी पेट्रोल पिणारं इंजिन. त्यामुळे इटलीतल्या ज्या कुणाला शर्यतीची हौस होती पण खिसा बेताचा होता, त्या प्रत्येकाने हेच इंजिन हाती धरलं.

त्यातला एक गृहस्थ म्हणजे एन्झो फेरारी! १९३९ साली अल्फा रोमिओ सोडताना त्याने करार केला होता, की चार वर्षं स्वतःच्या नावाने मोटारी काढणार नाही. पण गडी गप्प कसा बसणार? १९४०च्या मिल्ले मिलिया शर्यतीसाठी त्याने दोन गाड्या बांधल्या. नाव ठेवलं नुसतं ‘८१५’, म्हणजे आठ सिलिंडर आणि दीड लिटर. आणि हे आठ सिलिंडरचं इंजिन बांधताना त्याने फियाट ५०८ सी या गाडीची दोन सिलिंडर हेड एकापुढे एक वापरली. म्हणजे फेरारीने स्वतंत्रपणे बांधलेल्या पहिल्या गाडीत आमच्या फियाटच्या आजोबांचं डोकं आहे, आणि तेही एक नाही, दोन! त्यातली एक गाडी तरुण अल्बेर्तो अस्कारीने चालवली. हा पुढे दोनदा जगज्जेता झाला. दोन्ही गाड्यांना शर्यत पुरी करता आली नाही. पुढे एक भंगारात गेली. दुसरी हात बदलत बदलत वाचली आणि मोदेनाजवळ एका संग्राहकाकडे पोचली. कुणीतरी जुने तुकडे आणि जुने कागद ताडून पाहिले, म्हणून आज ती ओळखता येते. तसं झालं नसतं तर तीही किलोच्या भावाने गेली असती.

दुसरं उदाहरण चिझितालिया २०२ या गाडीचं. महायुद्धानंतर तुरिनच्या पिएरो दुझिओने ती काढली. अंगलोट पिनिन फरिनाची, आणि इंजिन तेच, फियाटचं १०८९ सी. सी.! १९४७च्या मिल्ले मिलियामध्ये चौपन्न वर्षांच्या ताझिओ नुव्होलारीने तिची उघडी आवृत्ती भर पावसात अशी हाणली, की अडीचपटीहून मोठं इंजिन असलेल्या अल्फानंतर तो दुसरा आला. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९५१ साली आठ मोटारींचं प्रदर्शन भरवलं, त्यात चिझितालिया होती. पुढे संग्रहालयाने ती कायमची आपल्या संग्रहात ठेवली.

आता बघा गंमत. एक चुलतभाऊ न्यूयॉर्कच्या संग्रहालयात काचेसारख्या फरशीवर उभा, आणि दुसरा दादर स्टेशनबाहेर “सायन, सायन” करत भाडं शोधतोय! गोत्र एकच, नशीब वेगळं.

ती इटालियन सोयरीक आपल्याकडे जमवली ती सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभा केला. आधी अमेरिकन गाड्यांची जुळणी झाली. मग पन्नासच्या दशकात फियाट आली. सुरुवातीचं ते फुगीर नाकाचं मॉडेल, ज्याला आपल्या लोकांनी बिनदिक्कत ‘डुक्कर फियाट’ म्हटलं. एवढ्या मोठ्या दान्ते जिआकोसाने काढलेल्या गाडीला डुक्कर म्हणण्याची हिंमत मुंबईकरच करू जाणे! मग १९६४ साली ११०० डी आली. इटलीत याच डी मॉडेलला मोठं, १२२१ सी. सी.चं इंजिन मिळालं होतं. आपल्याकडे मात्र १०८९च राहिलं. इटलीने ही गाडी साठचं दशक संपता संपता बंद केली. आपण ती आधी प्रेसिडेंट आणि १९७४पासून पद्मिनी या नावाने २०००च्या सुमारापर्यंत बनवत राहिलो. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरात नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी गेली. त्या दिवशी आमच्या ऑफिसातल्या ज्या दोघांनी गाडीला हसून घेतलं होतं, त्यांनीच व्हॉट्सअ‍ॅपवर रडके चेहरे टाकले. असो.

तर गाडी दुरुस्त करायचं ठरलं. भाऊ म्हणाला, “पैसे तुझे, डोकेदुखी माझी!” अगदी खरं होतं. मी दर दोन महिन्यांनी चार दिवस जायचो. बाकी सगळं त्याने निभावलं. आण्णांचे जुने मिस्त्री अजून हयात होते. त्यांनी गॅरेज बंद केलेलं, पण फियाटचं नाव काढताच म्हणाले, “साहेब, हिचं काम मी स्वतः करणार, पोरांना हात लावू देणार नाही.”

फियाटचं एक वैशिष्ट्य सांगतो. या गाडीला खाली वेगळी चासी नसते. सगळी बॉडीच भार घेते. त्यामुळे तळाच्या पत्र्याला गंज लागला तर तो नुसता दिसण्याचा प्रश्न नसतो, गाडीचा कणाच जातो. वरून चकाचक आणि खालून चाळण अशा कितीतरी गाड्या विकायला असतात. कुणी घ्यायला निघालात, तर रंग पाहू नका, पायाखालचं मॅट उचला! आमच्या गाडीचा डाव्या बाजूचा तळ संपूर्ण गेला होता. पत्र्याचं काम करणाऱ्याने जुना पत्रा कापून, नवा ठोकून, आकार देऊन गॅस वेल्डिंगने जोडला. त्याला अडीच महिने लागले. नाना पेठेत हिंडून ब्रेकचा मास्टर सिलिंडर आणि दारांची रबरं मिळाली, कुर्ल्याहून पुढच्या तिरक्या काचेची फ्रेम आणि गिअरच्या दांड्याचा नॉब आला. गिअर स्टिअरिंगलाच, हे नव्या पिढीला सांगावं लागतं.

पत्र्याचं काम चालू असताना दोन गोष्टी निघाल्या.

पहिली अशी. मागची सीट काढल्यावर दिसलं, की सीटच्या पाठीमागे, डिकीच्या बाजूला जो आडवा पत्रा असतो, तो डाव्या अंगाला हातभर कापलेला आहे. कापही ओबडधोबड, छिन्नीने केल्यासारखा. नंतर कुणीतरी त्यावर पट्टी मारून तो झाकला होता. मिस्त्री म्हणाले, हे गंजाचं नाही आणि अपघाताचंही नाही. कुणीतरी मुद्दाम कापलंय. आण्णांना विचारलं. त्यांनी गाडी १९७८ साली कराडच्या एका डॉक्टरांकडून घेतली होती. पट्टी तेव्हापासूनच होती, त्यांनी कधी खोलात विचारलं नव्हतं.

दुसरी गोष्ट गंभीर. इंजिन उतरवून धुतलं तेव्हा ब्लॉकवरचा नंबर नीट दिसला. तो आर. सी. बुकातल्या नंबराशी जुळेना!

हौशी लोकांत हा शब्द फार मोठा आहे, ‘नंबर जुळणे’. चासी आणि इंजिन कारखान्यातून निघालं त्याच जोडीचं असेल, तर गाडीची किंमत वेगळी. फेरारीने तर २००६पासून असे दाखले देणारा खास विभागच काढला आहे. अंकलच्या फाइलमध्येही सगळे नंबर जुळत होते. आणि आमच्याकडे? आमच्याकडे तर सरळ सरळ बेकायदा प्रकार दिसत होता. इंजिन बदललं तर आर. सी. बुकात नोंद व्हावी लागते. ती नव्हती. माझ्या मनात नाही नाही ते आलं. त्या डॉक्टरांनी फसवलं? की मिस्त्रीने कधी अदलाबदल केली?

रात्री जेवताना आण्णांना विचारलं. आण्णांनी ताटातली कोशिंबीर संपवली, पाणी प्यायले आणि म्हणाले, “मी बदललं. अठ्ठ्याऐंशी साली.”

१९८८. त्या वर्षी मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. सरकारी कॉलेज दोन मार्कांनी हुकलं. १९८३पासून महाराष्ट्रात विनाअनुदान कॉलेजं निघाली होती, तिथे जागा मिळाली, पण फी? ती आण्णांच्या पगाराला झेपणारी नव्हती. नेमकं त्याच मे महिन्यात खंबाटकी घाटात गाडीचा कनेक्टिंग रॉड तुटला आणि ब्लॉक फोडून बाहेर आला. नवं इंजिन बसवायचं तर फीच्या रकमेला भोक पडणार. आण्णा कुर्ल्याला गेले आणि मोडीत निघालेल्या एका टॅक्सीचं इंजिन घेऊन आले. नोंदीसाठी पुन्हा रजा, पुन्हा खर्च. ते राहून गेलं ते गेलंच.

“आम्हाला कधी सांगितलं नाहीत ते?” मी विचारलं.

“काय सांगायचं? इंजिन करायचं की इंजिनिअर करायचा, एवढाच प्रश्न होता. सुटला.”

आईला ठाऊक होतं म्हणे. मी मात्र पुढची चार वर्षं, कॉलेजच्या मित्रांसमोर, “आमची गाडी टॅक्सीसारखी आवाज करते” म्हणून कुरकुरत होतो. करणारच, ती टॅक्सीच होती ना आतून!

आण्णांनी कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. टॅक्सीच्या जुन्या इंजिनाची, हाताने लिहिलेली पावती. त्यावर इंजिन नंबर, टॅक्सीचा नंबर, तारीख, रेव्हेन्यू स्टँपवर सही. पस्तीस वर्षं हा माणूस ती पावती सांभाळून होता, कारण नोंद करायची राहिली आहे हे त्याच्या मनातून गेलं नव्हतं. त्या पावतीच्या आणि चार खेपांच्या जोरावर पुढे रीतसर नोंद झाली. सही करताना आण्णांचा हात थरथरत होता, पण चेहरा असा, की जुनं कर्ज फिटलं.

आता राहिला तो कापलेला पत्रा. आर. सी. बुकात पहिल्या मालकाचं नाव आणि कराडचा पत्ता होता. भावाने कराडच्या एका ओळखीच्या औषधवाल्याला विचारलं, त्याने दुसऱ्याला, आणि तीन आठवड्यांत डॉक्टरांच्या कन्येचा फोन नंबर मिळाला. त्या पुण्यातच, आमच्यापासून दोन बसस्टॉपवर राहत होत्या! डॉक्टर जाऊन पुष्कळ वर्षं झालेली. काकू सत्तरीच्या. मी फोनवर भीत भीत म्हटलं, “काकू, तुमच्या वडिलांची फियाट होती ना, १९६६ची, ती आमच्याकडे आहे.” पलीकडे जरा वेळ काही आवाजच नाही. मग म्हणाल्या, “अजून आहे? अहो, तिचा मागचा पत्रा कापलेला आहे का?”

मंडळी, माझ्या अंगावर काटा आला.

११ डिसेंबर १९६७. पहाटे चारच्या पुढे कोयनेचा भूकंप झाला. काकू तेव्हा शाळेत होत्या. कराडलाही घरं हादरली, सगळे रस्त्यावर आले. उजाडायच्या आत बातमी आली, की कोयनानगर पडलंय. डॉक्टरांनी औषधांच्या पेट्या फियाटमध्ये घातल्या आणि कंपाउंडरला घेऊन पाटणमार्गे निघाले. जेमतेम वर्षाची गाडी. तिकडे जखमींना न्यायला वाहनं पुरत नव्हती. मोडलेल्या पायाचा माणूस फियाटच्या मागच्या सीटवर आडवा मावत नाही. तेव्हा त्यांनी सीट काढून टाकली, कुणाकडून तरी छिन्नी-हातोडा घेतला आणि डिकीकडचा पत्रा कापला. पाय डिकीत, धड गाडीत. अशा किती खेपा झाल्या ते काकूंना माहीत नाही. गाडी तिसऱ्या दिवशी घरी आली तेव्हा आईने ती धुतली आणि मुलींना जवळ येऊ दिलं नाही, एवढं त्यांना आठवतं. डॉक्टरांनी पुढे पट्टी मारून घेतली, पण पत्रा कधी बदलला नाही. विषय निघाला तर म्हणत, राहू दे, पुन्हा लागला तर.

काकूंनी एक फोटो दिला. गाडी दवाखान्यासमोर उभी, बॉनेटवर दोन वेण्यांची मुलगी बसलेली. फोटो काळा-पांढरा, तेव्हा रंग कोणता ते कळेना. काकू म्हणाल्या, “करडा. पावसाळी ढगासारखा.” आणि लांबी खरवडताना सगळ्यात खालच्या थराला मिस्त्रींना करडाच सापडला होता.

इथे आमच्यात थोडा वाद झाला. २०२१ साली भारत सरकारने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचे नियम केले. वीस हजार रुपये फी, दहा वर्षांची मुदत आणि नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही मानाची अक्षरं. भावाला ती फार हवी होती. पण त्या नियमांत दोन अडचणी. एक म्हणजे अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, फार तर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला. दुसरी म्हणजे गाडी मूळ स्वरूपात हवी, बॉडीत आणि इंजिनात मोठा फेरफार नको. भाऊ म्हणाला, पत्रा नवा घालू, जुन्या नंबरचं इंजिन तर आता मिळणार नाही, पण प्रयत्न करून पाहू. मिस्त्रीही म्हणाले, पत्रा एका दिवसाचं काम आहे, कुणाला कळणार नाही.

कुणाला कळणार नाही, हीच तर भीती होती! अंकलच्या अल्फाचा इतिहास असा आहे, की तिच्यात काहीच बदललं नाही. त्याचा मला आदर आहे. पण आमच्या गाडीच्या बाबतीत जे जे बदललं तोच तिचा इतिहास. पत्रा बदलला असता तर कोयनेची ती पहाट भंगारात गेली असती. टॅक्सीचं इंजिन काढलं असतं, तर माझी पदवी कशावर उभी आहे ते पुसलं गेलं असतं. शेवटी आण्णांना विचारलं, आणि या वेळी उत्तर येईपर्यंत थांबलो. ते म्हणाले, “गाडी चालायला पाहिजे. बाकी राहू दे.”

तेव्हा विंटेज नोंदणी नाही. साधी फिटनेस तपासणी, पाच वर्षांचं नूतनीकरण, पर्यावरण कर, आणि तीन इंग्रजी अक्षरांचा तोच जुना नंबर. कापलेल्या पत्र्याच्या कडा घासून गुळगुळीत केल्या, गंजविरोधी रंग दिला आणि पट्टी पुन्हा लावली, पण आता स्क्रूने. कुणाला पाहायचं असेल तर उघडून दाखवता येते. एकूण खर्च सव्वाचार लाख. बाजारात ही गाडी त्याच्या निम्म्यालाही जाणार नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी गुंतवणूक म्हणून या फंदात पडायला नको. पार्किंगचं काय झालं? डॉक्टरांच्या काकूंच्या बंगल्यात एक रिकामं गॅरेज होतं!

पुष्कळजण विचारतात, मग सिंगापूरला का आणत नाही? इथे तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी आयात करता येत नाही, अपवाद फक्त त्या क्लासिक-विंटेज योजनेचा. म्हणजे आणली तरी वर्षातले मोजके दिवस चालवायची, आणि खर्च विचारू नका. शिवाय जिचं सगळं गणगोत कराड आणि पुण्याला, तिला इथे आणून करायचं काय?

२०२४च्या जानेवारीत आम्ही तिला घेऊन कराडला गेलो. भाऊ चालवायला, शेजारी आण्णा, मागे काकू आणि मी. खंबाटकीला तेव्हा बोगदा होता, पण तो पुण्याकडे येणाऱ्यांसाठी. जाताना घाट चढावाच लागे. अर्ध्या चढावर गाडी आचके देऊन बंद पडली. मी घाबरलो. आण्णा शांतपणे म्हणाले, “पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाक.” उन्हाने आणि चढाने पेट्रोलची वाफ होऊन पंप अडकतो, हे जुन्या फियाटवाल्यांना पाठ. काकूंनी पाण्याची बाटली दिली, मी रुमाल भिजवून टाकला. दहा मिनिटं रस्त्याकडेला बसून शेंगदाण्याची चिक्की खाल्ली. मग किल्ली फिरवली आणि इंजिन सुरू झालं. अगदी टॅक्सीसारखा आवाज.

परत आल्यावर अंकलना फोटो पाठवले, कापलेल्या पत्र्याचाही. त्यांचं उत्तर आलं ते एकाच ओळीचं, की हे तुमच्या फाइलच्या पहिल्या पानावर लावा.

म्हणून आज फाइल केली आहे. आर. सी. बुकाची प्रत, टॅक्सीच्या इंजिनाची पावती, दोन वेण्यांच्या मुलीचा फोटो, आणि काकूंच्या अक्षरात त्यांनी सांगितलेली हकीकत. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी, नाशिकला, कोल्हापूरला, डोंबिवलीला, ताडपत्रीखाली अशी एखादी फियाट, लँब्रेटा नाहीतर नुसती सायकल असेल. ठेवायची की द्यायची ते तुम्ही ठरवा. जागेची अडचण खरीच असते. पण भंगारवाल्याला हो म्हणण्याआधी एक फोन करा. नंबर विचारा, आणि मग थोडा वेळ गप्प बसा. पलीकडचं माणूस बोलायला लागेल.